चिमूटभर पर

थोरगिल्स मला पाण्यात पाहतो, हे आमच्या खोऱ्यातल्या मेंढ्यांनाही ठाऊक आहे. मीही त्याला पाण्यातच पाहते. फरक एवढाच की मी रोज पाण्यात उतरते आणि तो काठावर उभा राहून अक्कल शिकवतो.

स्केग्गा नदीच्या दोन्ही काठांवर अकरा शेतं आहेत आणि त्यांचा मिळून एक संघ आहे. थोरगिल्स त्या संघाचा अध्यक्ष. मी हेर्दिस, संघाची नोकर, नदीची राखणदार. जूनअखेरीला सॅमन समुद्रातून नदीत चढायला लागतात, आणि त्यांच्या मागोमाग छातीपर्यंत रबर चढवलेले परदेशी पाहुणे येतात, ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. एका वेळी नदीवर गळाच्या आठ काठ्या, नववी नाही. कोणती काठी कोणत्या डोहावर, गळाला पिसांची कोणती माशी बांधायची, मासा कसा धरायचा, कसा सोडायचा, हे सगळं मी ठरवते. एकोणीस उन्हाळे ठरवत आले आहे.

पकडलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी पाहुण्यांच्या घरातल्या वहीत चढतो. कोणी पकडला, कुठे, नर की मादी, किती लांब, सोडला की मेला. पाहुणे लांबी फुगवून सांगतात, म्हणून मी टेप घेऊन उभी असते. एकदा एका मोठ्या वकिलाने एका सेंटिमीटरसाठी माझ्याशी अर्धा तास वाद घातला. त्याला तो सेंटिमीटर मिळाला नाही. एकोणीस वर्षांत त्या वहीत खोटं एक अक्षर गेलेलं नाही, आणि अभिमान बाळगावा असं माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही. नवरा रेक्याविकला गेला तो गेला, मेंढ्या मला कधी जमल्या नाहीत.

आणखी एक सांगून ठेवते. आमच्या देशात सगळे सगळ्यांना नावाने आणि अरेतुरेनेच हाक मारतात, मग तो मंत्री असो की मोलकरीण. त्यामुळे भांडण जुंपलं की खाली उतरायला पायरीच नसते. सरळ आईबापावर जावं लागतं. माझं आणि थोरगिल्सचं तेवढं व्हायचं राहिलं होतं, ते या ऑगस्टमध्ये झालं.

या वर्षी डोंगरावर बर्फच धड पडला नव्हता, आणि जुलैत पाऊस नाही म्हणजे नाही. नदी आटून गोट्यांना लागली. वर चढायला पाणी नाही म्हणून सॅमन पाद्र्याच्या डोहात अडकून पडले. एरवी तिथे दहा-बारा असतात, मी उंच खडकावर पालथी पडून मोजले तर सत्तेचाळीस भरले. पाणी दुपारी एकोणीस अंश, पहाटेही सतराच्या खाली जाईना. एवढ्या कोमट पाण्यात माशाला श्वास पुरत नाही. अशात त्याला गळाला लावून दहा मिनिटं दमवलं, तर सोडल्यावर तो पोहत जातो खरा, पण जातो तो मरायलाच. म्हणून ऑगस्टच्या नऊ तारखेला मी डोहाच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधली आणि पाटी लावली, हंगाम संपेपर्यंत बंद.

त्याच दुपारी थोरगिल्स ट्रॅक्टर घेऊन माझ्या दारात.

"दोरी कोणाला विचारून बांधलीस?"

"थर्मामीटरला."

"सोमवारी सहा पाहुणे येतायत. दरवर्षी येतात ते त्या डोहासाठी येतात, तुझं तोंड बघायला नाही."

"मग त्यांना तुझं दाखव. तू रिकामाच असतोस."

त्याने इंजिन बंद केलं. तो इंजिन बंद करतो तेव्हा तो खरा रागावलेला असतो. "मासा पकडायचा आणि सोडायचा. तो जातो पोहत. मी पन्नास वर्षं बघतोय. नदी काय तुझ्या एकटीच्या डोक्याने वाहते का?"

"तू बघतोस काठावरून. तुझ्या हातात काठी मी एकोणीस वर्षांत एकदाही पाहिली नाही."

हे मी सहज बोलून गेले. त्याचा चेहरा मात्र एकदम उतरला, आणि मला वाटलं की मी जिंकले. कशावर जिंकले ते तेव्हा कळलं नाही.

"रविवारी सभा," तो म्हणाला. "एकच विषय. राखणदार बदलायचा. ओड्डुर तयार आहे."

ओड्डुर त्याचा मेहुणा. त्याला नर कुठला आणि मादी कुठली एवढंही मेंढ्यांच्या बाहेर कळत नाही. तो राखणदार झाला की सोमवारी सकाळी पहिलं काम दोरी कापायची, आणि आठवड्याभरात सत्तेचाळीसातले निम्मे पांढरी पोटं वर करून तरंगणार. पुढच्या पिढीची अंडी त्या मादींच्याच पोटात होती. अकरा शेतांची अकरा मतं, त्यातली पाच माझी, पाच त्याची, हे मला सभेआधीच माहीत होतं. अकरावं मत होतं त्याच्या आईचं, आल्दिसचं. अठ्ठ्याऐंशीची झाली तरी तिने शेत मुलाच्या नावावर केलेलं नाही, त्यामुळे अध्यक्ष तो आणि मत आईचं. पण आल्दिसने कधी मुलाच्या विरुद्ध हात वर केलेला कुणी पाहिला नव्हता.

शुक्रवारी सकाळी साडेसातला मी थर्मामीटर घेऊन डोहावर गेले. दोरी जागेवर होती. डोहाच्या खाली, जिथे पाणी घोट्याएवढं होतं, तिथे एक मादी दगडांत अडकून पडली होती. मेलेली. डोळे अजून स्वच्छ होते, म्हणजे फार वेळ झाला नव्हता. जबड्याच्या कोपऱ्यात गळाचं ताजं भोक. मी तिला खडकावर ठेवून मोजलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. सत्त्याऐंशी सेंटिमीटर. या उन्हाळ्यात एवढी मोठी मादी नदीत निघाली नव्हती. पोट अंड्यांनी टचटचलं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

मग मी तिला उलटं केलं आणि पाहते तर पाठीवरचा छोटा पर नाही.

सॅमनच्या पाठीवर शेपटीजवळ चिमूटभर मांसल पर असतो. त्याचा माशाला काय उपयोग कोण जाणे, आम्हाला मात्र आहे. आयुष्यातला पहिला सॅमन पकडला की त्याला आम्ही मारियाचा मासा म्हणतो, आणि पकडणाऱ्याने तो पर दातांनी तोडून गिळायचा. कच्चा. मी गिळला तेव्हा अकरा वर्षांची होते, दोन दिवस तोंडातून चरबीची चव गेली नव्हती. पाहुणे विचारतात, का म्हणून. का म्हणून म्हणजे काय? आमच्या आजोबांनीही गिळला म्हणून. आता हे पहिल्याच माशाचं. दुसऱ्याला कोणी दात लावत नाही.

म्हणजे कुणा नवख्याने माझ्या बंद डोहात पहिला मासा पकडला, दोरीखालून जाऊन. त्याला पाण्याबाहेर धरून, चावून, गिळून, मग सोडून दिलं. जखम विचित्र होती. पर दोन्ही बाजूंनी तोडलेला, पण मधोमध एक बारीक खुंट तसाच उभा. मला वाटलं, घाबरून अर्धवट चावला असेल.

मी मादी बादलीत घातली आणि तडक पाहुण्यांच्या घरी गेले. स्वयंपाकीण स्वाला कोकराच्या सूपासाठी सलगम चिरत होती.

"या आठवड्याच्या पाहुण्यांत नवखा कोण आहे?"

"एकही नाही. सगळी जुनी खोडं. त्यांचे पर कधीच गिळून झालेत." तिने बादलीत डोकावलं आणि सुरी खाली ठेवली. "अगं बाई, केवढी ही. कुणी मारली?"

"तेच शोधतेय. सकाळी इथे कोण आलं होतं?"

"पाहुणे सातला गेले. मग सव्वासातला थोरगिल्स आला. पँट कमरेपर्यंत ओली. म्हणाला, ओढ्यात मेंढी अडकली होती. मी पॅनकेक दिले, शिवला नाही. नळाशी जाऊन चार वेळा चुळा भरल्या. चार वेळा. मी म्हटलं, माझ्या कॉफीला काय झालंय? तर म्हणतो, कॉफी उत्तम आहे. या माणसाने माझ्या कॉफीला आजवर उत्तम म्हटलेलं नाही." बोलता बोलता ती माशाच्या पाठीवरून बोट फिरवत होती. "हे मधलं कसं गं राहिलं?"

मीही वाकले. स्वालाने स्वतःच्या वरच्या पुढच्या दातावर बोट ठेवलं, मग त्या खुंटावर, मग पुन्हा दातावर. चार वर्षांपूर्वी शरदात डोंगरावरून मेंढ्या उतरवताना एका एडक्याने थोरगिल्सचा वरचा पुढचा एक दात पाडला होता. त्याने तो कधी बसवून घेतला नाही, एडक्याचा मान राखला म्हणतो.

"पण त्याचा तर सातव्या वर्षीच झाला होता," स्वाला म्हणाली. "फोटो आहे ना सभागृहात."

फोटो आहे. काळा-पांढरा, भिंतीच्या मध्यावर. बाप, मासा, आणि तोंडात पर धरलेलं पोर. ही गोष्ट आल्दिस दर सभेला कॉफीबरोबर वाढते. मी स्वालाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मग आम्ही दोघींनी मादीला कापडात गुंडाळून फ्रीझरमध्ये कोकराच्या मांड्यांखाली पुरून ठेवलं.

मेलेला मासा सापडला की अध्यक्षाला कळवायचं असा नियम आहे. मी फोन केला. एवढंच सांगितलं की पाद्र्याच्या डोहाखाली मादी मेलेली सापडली. पराबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मग तो म्हणाला, "बंद डोहात? मग राखणदार काय झोपली होती का?"

तोवर माझ्या मनात थोडं होतं की त्याला एकटा गाठावं, चार शिव्या द्याव्यात आणि विषय संपवावा. तो फोन ठेवला आणि ते थोडंही गेलं. चोर तो चोर, वर त्याच्याच उलट्या बोंबा. ठरवलं, आता सभेतच.

रविवारी सभागृहात सगळे जमले. सुकवलेला मासा, लोणी, गुंडाळलेले पॅनकेक, किटलीभर कॉफी. मी मागच्या रांगेत बसले, बादली खुर्चीखाली. मादी सकाळीच फ्रीझरमधून काढली होती, कापडातून पाणी पाझरत होतं. पुढच्या रांगेत आल्दिस पाद्र्याच्या बायकोला गोष्ट सांगत होती. "सात वर्षांचा होता. मासा याच्याएवढा आणि हा माशाएवढा. बापाने हात लावला नाही, म्हणाला, तुझा आहे, तूच ओढ. फोटो मी काढला." पाद्र्याची बायको नवीन होती, तिने पहिल्यांदाच ऐकली. मला त्या म्हातारीची दया आली. बादली तशीच उचलून घरी जावं असंही मनात आलं. पण मग सोमवारी दोरी कापली गेली असती.

थोरगिल्स उभा राहिला. नवा शर्ट, केस ओले करून मागे फिरवलेले. त्याने माझ्यावर तीन आरोप वाचले. एक, मी पाहुण्यांशी उद्धट बोलते. हे खरं आहे. दोन, मी संघाला न विचारता डोह बंद केला. हेही खरं. मग त्याने कागद खाली ठेवला.

"आणि तिसरं. शुक्रवारी त्याच बंद डोहात मादी मेली. कुणीतरी दोरीखालून जाऊन मारली. मी म्हणतो, जिला स्वतः बंद केलेला डोह राखता येत नाही, तिच्याकडे नदी ठेवायची कशाला?"

दोन-चार माना डोलल्या. ओड्डुरची सगळ्यात जास्त.

"अध्यक्षांचं बरोबर आहे," मी म्हणाले आणि बादली घेऊन पुढे गेले. "मादी मेली आणि ती मला राखता आली नाही. ही बघा." मी तिला कॉफीच्या टेबलावर ठेवलं, पॅनकेकच्या ताटाशेजारी. "गळाची जखम आहे. डोहातून सोडली, दहा पावलं खाली गेली आणि मेली. सोडलेला मासा पोहत जातो म्हणता ना? हा इथपर्यंत पोहत गेला. आणि पाठ बघा. ज्याने मारली त्याचा हा मारियाचा मासा आहे."

पलीकडच्या काठावरचा एविंदुर आधी हसला. त्याला सगळ्यात हसायला लागतं. "म्हणजे खोऱ्यात कुणाचं तरी अभिनंदन करायचं राहिलंय. कुणाचं पोरगं?"

"पोराचा जबडा नाही हा," त्याची बायको म्हणाली. तिने वाकून पाहिलं. "मोठं माणूस आहे. आणि मधे एक दात..."

ती तिथेच थांबली. मासा पुढे सरकला. ज्याच्यापुढे जाई तो खाली पाही, खुंटाला बोट लावी, आणि मग मान वर न करता पुढच्याकडे ढकली. कुणी थोरगिल्सकडे पाहत नव्हतं. सगळे इतके जोर लावून पाहत नव्हते की पाहिल्यासारखंच होतं. ओड्डुरने तर खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजायला घेतल्या.

थोरगिल्स उभाच होता. ओठ गच्च मिटलेले. दातखीळ बसणे म्हणतात ती मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली.

"अध्यक्ष, पुढे?" कुणीतरी विचारलं.

त्याने नुसती मान हलवली.

मासा आल्दिसपर्यंत आला. तिने तो मांडीवर घेतला, चांगल्या स्कर्टवर, आणि चष्मा कपाळावर ढकलून अंगठ्याने जखम चाचपली. खूप वेळ चाचपत राहिली.

"थोरगिल्स," ती म्हणाली, "तोंड उघड."

"आई, सभा चालू आहे."

एवढं बोलण्यापुरतं तोंड उघडलं आणि तेवढं पुरे झालं. एविंदुरसुद्धा हसला नाही.

"मग भिंतीवरच्या फोटोतला कोणाचा?" आल्दिसने विचारलं.

त्रेसष्ट वर्षांचा तो गडी, त्याचे कान लाल झाले. "बाबांचा," तो म्हणाला. "त्यांनी ओढला. मग काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, चाव."

"माहीत आहे मला. फोटो मी काढलाय. तुझ्या बाह्या कोरड्या होत्या."

"मग इतकी वर्षं ती गोष्ट का सांगत राहिलीस?"

"वाटायचं, एकदा तरी मधे बोलशील. नाही म्हणशील." तिने चष्मा नाकावर घेतला. "छप्पन्न वर्षं झाली. घ्या मतं. डोह बंद राहू दे. माझं मत हेर्दिसला."

तिचा हात वर गेला तसे एकेक हात वर गेले. नऊ. आल्दिसने मासा कापडात नीट गुंडाळला आणि स्वतःच्या पिशवीत घातला. "हा मी नेते. बटाट्याबरोबर उकडते. हा खाईल सगळा," ती पाद्र्याच्या बायकोला म्हणाली. मग काठी टेकत निघून गेली, मुलासाठी थांबली नाही.

जिंकले. बरं वाटायला हवं होतं. कॉफीचे पेले विसळताना स्वाला एकदाही माझ्याकडे पाहून हसली नाही.

संध्याकाळी चारला मी पाहुण्यांच्या घरी वही भरत होते. पाहुणे नदीवर होते. थोरगिल्स आला, बूट न काढता. टेबलासमोर उभा राहिला.

"लिहायचं आहे," तो म्हणाला.

"त्याच दिवशी लिहायचं असतं."

"हेर्दिस."

मी वही त्याच्याकडे फिरवली. पेन दिलं नाही, त्याने ते स्वतः उचललं.

"मला तुला दाखवायचं होतं," तो वहीकडे बघत म्हणाला. "एक पकडायचा, सोडायचा, तो पोहत जातो ते ओड्डुरला बघायला लावायचं. तो नालायक उठलाच नाही. मी एकटाच होतो. तिसऱ्याच फेकीला लागली."

"आणि चावलीस."

"हातात आली. पाणी उडवत होती. माझ्या हातात, मी ओढलेली." त्याने पेन टेबलावर टेकवलं. "मला सोडायचीच होती. आधी सोडायला हवी होती."

"किती वेळ धरलीस?"

"ते विचारू नकोस."

"मी विचारणारच. किती वेळ?"

"बराच," तो म्हणाला. "आज तू माझ्या आईसमोर केलंस ते करायची गरज नव्हती. फोनवर सांगितलं असतंस तर मी सभा रद्द केली असती."

"फोनवर तू मला झोपली होतीस का म्हणालास."

त्याने लिहायला घेतलं. शाळेतल्या मुलासारखं गोल अक्षर आहे त्याचं. नावाच्या रकान्यात पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. जागा, पाद्र्याचा डोह. मादी. शेवटच्या रकान्यात, मेली. शेऱ्यात, मारियाचा मासा. मधला एक रकाना रिकामा राहिला.

"लांबी मोजायला सुचलं नाही," तो म्हणाला. मग इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं. "तू मोजलीस का? किती होती?"

या उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा मासा तोवर शहाऐंशीचा होता, जुलैत एका जर्मन दंतवैद्याने पकडलेला. हंगामातला सगळ्यात मोठा मासा दर वर्षी सभागृहात पाटीवर चढतो, पकडणाऱ्याच्या नावासकट, आणि पाटी तिथेच राहते. थोरगिल्स माझ्याकडे बघत होता. या एकोणीस वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलेलं ते पहिल्यांदाच.

"पंच्याऐंशी," मी म्हणाले.

त्याने लिहिलं. शाईवर फुंकर मारली, टोपी घातली आणि दार उघडं टाकून गेला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी आलं आणि डोहातल्या शेहेचाळीसच्या शेहेचाळीस वर चढले. मी दोरी सोडली, पाटी काढली. पाहुणे गेले. सभागृहात पाटीवर दंतवैद्याचं नाव चढलं. ती ठोकताना थोरगिल्स शिडी धरून उभा होता, माझ्याशी बोलला नाही, मीही नाही. वही माझ्याकडेच आहे. ते पान आलं की एक आकडा बदलायचा असतो, पाचाचे सात, एवढंच. पेन शेजारीच असतं. अजून बदललेला नाही.